विलायती मुंगसाची रवंथ

"जनावर बोलत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्यासमोर येऊन बसावं!"

हे वाक्य नरहरी चुरीने सोमवार, ८ जानेवारी १९६८ रोजी सकाळी सव्वानऊ वाजता नामदेवच्या हॉटेलात उच्चारलं. साक्षीदार तीन होते. चहा गाळणारा नामदेव, चहा पिणारे पोस्टमास्तर पुंडलिक आणि बाकाखाली झोपलेलं एक कुत्रं. कुत्र्याने हरकत घेतली नाही.

नरहरी हा बोईसर आणि समुद्र यांच्यामधल्या एका गावातल्या गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस, होता. डॉक्टर पालघरला बसायचे आणि महिन्यातून एकदा यायचे. उरलेले एकोणतीस दिवस डॉक्टर नरहरीच! निदान लोक त्याला तसंच म्हणायचे, आणि तोही लोकांचा शब्द मोडत नसे.

"बोला पुंडलिकराव, काय म्हणत होतात?"

"मी म्हटलं, माणसाला विचारता येतं कुठं दुखतं. बैलाला कसं विचारणार?"

नरहरीला हेच हवं होतं. त्याने पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेला एक कागद काढला आणि तान्हं मूल उघडावं तसा अलगद उघडला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'पशुवेदनामापन तक्ता. रचनाकार : न. चुरी.'

तीन वर्षं खपून त्याने हा तक्ता तयार केला होता. आठ प्रश्न. रवंथ करते का? चारा खाते का? कान कसे? नाकपुडी कशी? शेपूट कशी? उठबस कशी? आवाज कसा? शेण कसं? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. सगळे मिळून चोवीस. सहाच्या आत बेरीज आली तर जनावर ठणठणीत. बाराच्या वर गेली तर गंभीर. अठराच्या वर गेली तर पालघरला कळवायचं. चारशे बारा बैल, म्हशी आणि शेळ्यांवर तक्ता लावून झाला होता आणि एकदाही चुकला नव्हता!

"चुकला तर खोडता ना," पुंडलिकराव म्हणाले. "द्या बरं तुमचं ते खोडरबर. माझं कुठं गेलं कोण जाणे."

"मागच्या महिन्यात नेलंत ते दोन आठवड्यांनी दिलंत!"

पुंडलिकरावांच्या याच सवयीला कंटाळून नरहरीने खोडरबरावर टाचणीने 'न' कोरून ठेवला होता. झिजून झिजून रबर आता चिंचोक्याएवढं उरलं होतं. पण तक्ता स्वच्छ दिसला पाहिजे, काट मारलेली त्याला खपत नसे, म्हणून पेन्सिल आणि ते रबर सदैव पिशवीत.

एवढ्यात रस्त्यावरून पारू धावत आली. पदर खोचलेला, श्वास फुललेला.

"डाक्तर, चला लवकर! मडमचा बिस्कुट येडा झालाय! नाचतंय नुसता!"

*

पारू ही वारली बाई. तिचा नवरा झिपरू अणुवीज केंद्राच्या बांधकामावर दगड उचलायला होता. दरवर्षी भात झोडून झाला की हे कुटुंब भांडीकुंडी डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. यंदा पहिल्यांदाच गेलं नव्हतं. कारण समुद्राकाठी, सुरूच्या झाडांत, अमेरिकन इंजिनियरांसाठी घरं बांधली होती आणि त्यातल्या एका घरात पारूला काम लागलं होतं. घरामागची एक खोली राहायला मिळाली होती. आणि मुख्य म्हणजे मुलगी सोमी यंदा पहिल्यांदाच दिवाळीनंतरसुद्धा शाळेत जात होती.

त्या घरच्या डोरोथी मॅडमनी साता समुद्रापलीकडून एक जनावर बरोबर आणलं होतं. फेरेट. गाव त्याला विलायती मुंगूस म्हणायचं. मॅडम त्याला बिस्किट म्हणायच्या. साहेबांबरोबर त्या रविवारी मुंबईला गेल्या होत्या, शनिवारी परतणार होत्या, आणि जाताना त्यांनी बिस्किटाला पारूच्या हातात ठेवून खुणेने सांगितलं होतं : हा माझा जीव आहे, सांभाळ.

"मेलाबिला तं काय करू मी, डाक्तर?" नरहरीच्या सायकलमागे धावत पारू विचारत होती. "खोली जाल. सोमीची शाला जाल. परत भट्टीवर!"

"पारू, मी आहे ना! तक्ता आहे ना!"

दहा वाजून दहा मिनिटांनी नरहरीने ते जनावर पाहिलं. हातभर लांब, बिस्किटी रंगाचं, कापूस ठासून भरलेल्या पायमोज्यासारखं! डोळ्यांभोवती चोराने बांधावा तसा काळा पट्टा. आणि ते जे काही करत होतं ते नरहरीने चारशे बारा जनावरांत कधी पाहिलं नव्हतं. पाठीची कमान करून ते चारी पायांवर उडत होतं. पुढे, मागे, आडवं! तोंड उघडं, मान झटकतंय, शेपूट बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुगलेली. उडता उडता कोचाच्या पायावर आपटलं, उलटंपालटं झालं, उठलं आणि कोंबडीसारखं 'कुक-कुक-कुक' करत पुन्हा उडायला लागलं!

"याआधी असं केलं होतं?"

"नाय बा. सांच्याला मडम दार लावून त्याच्याशी खेळतं. मी तवा माज्या खोलीत असतं. सकाळला मी त्याला अंडा देतं, उठतं कसा, हगतं कुठं, त्या सगला मला ठावूक हाय. पन ह्या नाय बघितला. डाक्तर, मडमनी कागद लिवून ठेवलाय भिंतीवर. वाचता काय?"

भिंतीवर इंग्रजीत लिहिलेला मोठा कागद टाचला होता. नरहरीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मालकिणीची माया वेगळी आणि शास्त्र वेगळं! जनावर समोर असताना कागद कशाला?"

असं म्हणून त्याने स्वतःचा कागद उघडला.

रवंथ करते का? नाही. तीन गुण. चारा खाते का? नरहरीने अंगणातून ओलं गवत आणून पुढे धरलं. जनावराने ते हुंगलं, शिंकलं आणि पुन्हा उडालं. तीन गुण! शेपटीचे केस उभे. तीन. उठबस अत्यंत अस्वस्थ. तीन. आवाज विचित्र. तीन. कान गरम. तीन. शेण? पारूने कोपऱ्यातल्या वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं. म्हशीच्या मानाने ते फारच कमी होतं. दोन. नाकपुडी तेवढी ओली होती, पण ती पाहायला गेल्यावर नरहरीच्या बोटाला चावा बसला, म्हणून तिथेही दोन.

बेरीज बावीस!

नरहरी हादरला. गेल्या पावसाळ्यात एका बैलाला विजेच्या तारेचा धक्का बसला होता, त्याचे एकोणीस झाले होते!

"पारू, याला भयंकर वेदना होताहेत. पोटशूळ मस्तकात गेलाय!"

नरहरीने ओवा, हिंग आणि बडीशेपेचा काढा उकळायला सांगितला. जनावर गोणपाटात गुंडाळलं, गोणपाटातून निसटलं, पिशवीत शिरलं, पिशवीतून कोचाखाली गेलं, तिथून अर्ध्या तासाने बाहेर काढलं आणि मग दोघांनी मिळून त्याच्या तोंडात चार चमचे काढा ओतला. त्यातला अर्धा चमचा आत गेला. उरलेला नरहरीच्या सदऱ्यावर.

निघताना त्याला वाटलं, चाव्याचे दोन गुण नाकपुडीला देणं काही बरोबर नाही. खोडावेत. त्याने पिशवी चाचपली. रबर नव्हतं.

"हा पुंडलिकराव म्हणजे ना!" तो पुटपुटला आणि बावीस तसेच ठेवले.

*

मंगळवारी एकोणीस झाले. नाच चालूच, पण जरा कमी. काढ्याचा दुसरा डोस दिला.

बुधवारी नरहरी गेला तेव्हा जनावर पेटीत बसून होतं. उडणं नाही, कुक-कुक नाही. शेपूट बारीक, केस खाली. बेरीज नऊ!

"बघ! काढा लागू पडला!"

पारूच्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही.

"डाक्तर, सकाळला उठलं तं ताणला नाय यानं."

"काय ताणलं नाही?"

"आंग. रोज उठलं की मोटी जांभई देतं, मंग पुडचे पाय लांब करून ताणतं, मंग मागचे. मंग आंग झाडतं आनि पलतं कोपऱ्यात. आज नुसता उठला आनि बसला. अंडा पन हुंगून सोडला."

नरहरीने तक्त्यावरून बोट फिरवलं. ताणणे या विषयावर प्रश्न नव्हता.

"ताणण्याचं काही नसतं, पारू. थकलंय ते. दोन दिवस नाचलंय!"

गुरुवारी, ११ तारखेला, सकाळी साडेदहा वाजता मात्र चमत्कार झाला. बिस्किट पेटीच्या कोपऱ्यात पाठ वर करून, पोट आत ओढून बसलं होतं. डोळे अर्धे मिटलेले, एखाद्या साधूसारखे. आणि त्याचा खालचा जबडा हलत होता! हळू, एका लयीत, आडवा. कान देऊन ऐकलं तर बारीक कर-कर-कर आवाज येत होता.

नरहरी पेटीजवळ गुडघ्यांवर बसला. त्याने दोन वेळा खात्री केली. मग पहिल्या प्रश्नापुढे शून्य लिहिलं.

"रवंथ!"

"काय?"

"पारू, रवंथ करतंय! शांत बसलंय, डोळे मिटलेत, रवंथ चालू आहे! पोट भरलेली गाय अशीच बसते! शेपूट शून्य, उठबस शून्य, आवाज शून्य, कान गार, शून्य! नाकपुडी ओली, शून्य!"

चाऱ्याचं काय, असा प्रश्न आला. पण जो रवंथ करतो त्याने आधी काहीतरी खाल्लंच असणार, या न्यायाने तिथेही शून्य. शेणाचा पत्ता नव्हता. नसलेल्या गोष्टीला गुण कसे देणार? शून्य. बेरीज शून्य! चारशे बारा जनावरांत शून्य एकालाही मिळालं नव्हतं!

पारूने पेटीत हात घातला. पोटाला बोट लागताच बिस्किट आक्रसलं.

"डाक्तर, रवंथ नाय ह्या. दात खातंय. आमच्या सोमीच्या पोटात जंत झाल्ते, तवा ती पन निजंत अशेच दात खायची. डोले बघा. मिटले नाय, मुडपलेत. दुखतंय याला."

"पारू," नरहरी दयेने म्हणाला, "परवा हे नाचत होतं तेव्हा दुखत होतं, हे तुला पटलं होतं ना?"

"हां."

"आता ते गप्प बसलंय. मग आता बरं असणार की नाही?"

पारूने जनावर पेटीतून उचललं आणि पदरात घेऊन बसली.

*

बारा वाजायला पाच मिनिटं असताना नरहरी पोस्टात शिरला.

"पुंडलिकराव, तार! डॉक्टर प्रताप वर्तक, गुरांचा दवाखाना, पालघर. लिहा : विलायती मुंगूस रवंथ करू लागले. अवश्य यावे. चुरी."

पुंडलिकरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"उंदीर खाणारं जनावर रवंथ करतं?"

"देशी करत नाही! माझ्या काढ्याने सुरू झाली. डॉक्टरांनी एकदा डोळ्यांनी बघितलं की तक्ता मुंबईला जातो. आणि हो, माझं रबर द्या."

"माझ्याकडे नाही."

"सोमवारी मागितलं होतंत."

"मागितलं होतं. तुम्ही दिलं कुठे?"

नरहरीने त्यांच्याकडे, चोर पकडला पण पुरावा नाही, अशा नजरेने पाहिलं आणि तो तार देऊन निघाला. नामदेवच्या हॉटेलात त्याने रवंथीची हकिगत चार वेळा सांगितली. चौथ्या वेळी तर नाक्यावरून जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्याला थांबवून सांगितली.

संध्याकाळी घरी बायको, विजया, संक्रांतीचे तीळ भाजत होती. तिलाही सगळं सांगितलं. तिने कढईतलं उलथणं न थांबवता ऐकून घेतलं.

"म्हणजे नाचत होतं तेव्हा आजारी, आणि डोळे मिटून गप्प बसलं तेव्हा बरं?"

"शास्त्र आहे ते, विजया."

"असेल. पण अहो, भाद्रपदात तुमची दाढ दुखत होती, आठवतं? तुम्ही चार दिवस त्या खुर्चीत असेच डोळे बारीक करून, जबडा आवळून बसला होतात. एक शब्द नाही! घरात एवढी शांतता कधी नव्हती. मला वाटलं, बाई, यांना समज आली. मी शेजारी सांगूनसुद्धा आले! पाचव्या दिवशी गाल नारळाएवढा झाला तेव्हा कळलं."

नरहरी काही बोलला नाही. एक तीळ तडतडून त्याच्या पायावर पडला, तरी बोलला नाही.

"आता काय दुखतंय?" विजयाने विचारलं.

"काही नाही," नरहरी म्हणाला. पण त्याच्या कानात ती कर-कर सुरू झाली होती. त्याला दाढ आठवली. चारशे बारा जनावरांपैकी एक म्हैसही आठवली, खिळा गिळलेली. तीही शेवटी दात खात होती. त्या वेळी त्याने रवंथीपुढे शून्य लिहिलं होतं, मग म्हैस आडवी झाल्यावर ते खोडलं होतं, आणि तक्ता चुकला नव्हता!

*

शुक्रवारी सकाळी पावणेसात वाजता, नीरा उतरवणारे माडीवाले रस्त्यावर असतानाच, नरहरीची सायकल सुरूच्या झाडांत शिरली.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर पारू बसली होती, पदरात बिस्किट. झिपरू बाहेर विडी ओढत होता. आणि भिंतीशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. वर तवा, दोन टोप, कोयता. गाठोड्याला टेकून सोमी पाटीवर काहीतरी गिरवत होती.

"हे काय?" नरहरीने विचारलं.

"मडम उद्या येल," पारू म्हणाली. "त्याच्या आदी जायाचा. तिला काय त्वांड दाखवू? जीव म्हनून दिला व्हता तिनं."

"ती काढून टाकील तुला, असं म्हणाली का?"

"नाय म्हनाली. म्हनूनच."

"तुमचा शून्य आला ना डाक्तर?" झिपरूने धूर सोडत विचारलं. "मंग ही रडतं कशाला? मी सांगतंय तिला, शून्य आलाय, शून्य!"

तो टोमणा होता की भाबडेपणा, हे नरहरीला कळलं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तितकंच लागलं. त्याने पिशवीतून तक्ता काढला. काल लिहिलेली आठ शून्यं आठ डोळ्यांसारखी त्याच्याकडे बघत होती. खोडायला हात शिवशिवले. रबर नव्हतं! त्याने कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली आणि तो उंबऱ्यापुढे जमिनीवर बसला.

"पारू, तू सांग. मी लिहितो. अगदी पहिल्यापासून. हे बरं असतं तेव्हा काय काय करतं?"

पारूने त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग सांगायला लागली. जांभई. ताणणं. अंग झाडणं. मागे मागे जात कोपऱ्यात जाऊन बसणं. अंड्याचा पिवळा आधी, पांढरा मग. साहेबांचा मोजा चोरून कोचाखाली नेणं. हाक मारली की मान वर करणं.

"यातलं काय काय बंद झालं?"

"मंगलवारी सांच्याला हगायचा कमी झाला. बुधवारी ताणायचा आनि खायाचा. काल सगला. एकदा वकलं पन, नुसता पानी."

"काल मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत व्हते," पारू म्हणाली. "तुमी बेरीज करत व्हता."

आठ वाजून दहा मिनिटांनी अंगणात जीप येऊन थांबली आणि डॉक्टर वर्तक चालती गाडी सोडावी तसे उतरले. हातात काळी पेटी.

"चुरी! कुठे आहे ते जनावर?"

"साहेब, तार मिळाली? म्हणजे तुम्ही ती रवंथ..."

"चुरी, मांजराच्या घराण्यासारखं मांस खाणारं जनावर ते! त्याला रवंथीचं पोटच नाही! जबडा हलतोय म्हणजे दात खातंय, आणि दात खातंय म्हणजे जीव जायची वेळ आलीय. तार वाचली आणि रात्री ड्रायव्हरला निरोप धाडला!"

त्यांनी बिस्किटाला पारूच्या पदरातच राहू दिलं आणि दोन बोटांनी पोट चाचपलं. बाहेर सुरूच्या झाडांत वारा, आत ती कर-कर.

"आतड्यात काहीतरी अडकलंय. कडक, चिंचोक्याएवढं. पण बरंच खाली आलंय. तेल देऊ. दुपारपर्यंत निघालं तर निघालं. नाहीतर मुंबईला नेऊन पोट फाडायला लागेल आणि तोपर्यंत..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "काय गिळलं याने?"

कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी तेल पाजलं, पोट हलक्या हाताने चोळायला पारूला शिकवलं आणि हात धुवायला घरात गेले. तिथे भिंतीवरचा कागद त्यांना दिसला. तो काढून, वाचत वाचत ते बाहेर आले.

"चुरी, हे वाचलं होतंत?"

"नाही, साहेब," नरहरी म्हणाला.

"ऐक पारू, तुझ्या मॅडमनी काय लिहिलंय. 'तो उड्या मारील, आडवा नाचेल, कोंबडीसारखा आवाज करील. घाबरू नका. तो आनंदात आहे.'"

पारूचा हात बिस्किटाच्या पोटावर थांबला.

"आनंदात? तवा दुखत नव्हता त्याला?"

"नाचत होतं तेव्हा काहीच दुखत नव्हतं."

"आनि आमी त्याला गोनपाटात बांदला!" पारूला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले.

"पुढे आणखी एक ओळ आहे," डॉक्टर म्हणाले. "'तो गप्प बसला तर मात्र लगेच डॉक्टरांना बोलवा.' आणि अगदी खाली, दोनदा रेघ ओढून : 'रबराच्या सगळ्या वस्तू त्याच्यापासून दूर ठेवा.' या घरात रबराचं काय आहे?"

"काय बी नाय," पारू म्हणाली. "मडमनी जायाच्या आदी सगला उचलून कपाटात टाकला."

नरहरीला सोमवार आठवला. पिशवीत शिरलं, पिशवीतून कोचाखाली गेलं! तो उठला, सुरूच्या झाडाखाली गेला आणि तिथे जाऊन उभा राहिला.

एक वाजायला वीस मिनिटं असताना खोलीतून पारूची हाक आली. हाक कसली, आरोळी! "पडला! डाक्तर, पडला!"

नरहरीने आयुष्यात कधी शेणाकडे इतक्या वेगाने धाव घेतली नव्हती. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, तेलात न्हालेला, राखाडी रंगाचा एक तुकडा पडला होता. डॉक्टरांनी तो चिमट्याने उचलला, पाण्यात खळबळला आणि उजेडात धरला.

"यावर काहीतरी कोरलंय." त्यांनी डोळे बारीक केले. "'न'."

सगळ्यांनी नरहरीकडे पाहिलं. सोमीनेसुद्धा पाटीवरून मान वर केली आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे मोठ्याने वाचलं, "न नळाचा!"

"नरहरीचा," नरहरी म्हणाला.

मग त्याने पारूकडे वळून, इतक्या लोकांदेखत, हात जोडले. पारूला काय करावं कळेना. तिने पटकन बिस्किट त्याच्या जोडलेल्या हातांत ठेवलं आणि म्हणाली, "धरा वाईच. मी अंडा फोडतं."

बिस्किट साडेतीन तास झोपलं. चार वाजून वीस मिनिटांनी त्याने डोळे उघडले. पूर्ण उघडले. पाच माणसं श्वास रोखून बघत होती. त्याने एक प्रचंड जांभई दिली. मग पुढचे पाय लांब केले. मग मागचे.

"ताणला!" पारू ओरडली.

मग ते अंग झाडून पेटीबाहेर आलं, अंड्याचा पिवळा खाल्ला, पाठीची कमान केली, शेपूट फुगवली आणि कुक-कुक-कुक करत आडवं उडत जाऊन गाठोड्यावर आपटलं! तवा खणखणत खाली पडला. झिपरूने तो उचलला, चुलीवर ठेवला आणि गाठोड्याची गाठ सोडली.

"किती गुण, चुरी?" डॉक्टरांनी विचारलं.

नरहरीने मनातल्या मनात हिशेब केला. "बावीस, साहेब. चावलं नाही, म्हणून वीस."

"आणा तो तक्ता."

नरहरीने तक्ता दिला. डॉक्टरांनी सोमवारपासूनच्या बेरजा वाचल्या. बावीस, एकोणीस, नऊ, शून्य. एकही आकडा खोडलेला नव्हता. नरहरीच्या तीन वर्षांच्या कामात एवढा प्रामाणिक कागद हाच होता.

"तक्ता चांगला आहे," डॉक्टर अखेर म्हणाले. "फक्त उलटा धरायचा." आणि त्यांनी खरोखरच कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने लिहिलेलं पारूचं म्हणणं त्यांनी सावकाश, दोनदा वाचलं. "मुंबईला या बाजूची नक्कल पाठवू. रचनाकार म्हणून खाली कोणाचं नाव घालायचं, ते तुम्हीच लिहा."

नरहरीने पेन्सिल घेतली आणि लिहिलं : 'पारू.' मग थोडा विचार करून, खाली बारीक अक्षरांत : 'लेखनिक, न. चुरी.'

*

शनिवारी डोरोथी मॅडम आल्या. डॉक्टरांनी ठेवलेली चिठ्ठी त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि पारूला अशी मिठी मारली की झिपरूने लाजून पाठ फिरवली. काय बोलल्या ते कोणाला समजलं नाही. पण सोमवारी सोमी पाटी घेऊन शाळेत गेली, एवढं नक्की.

त्याच सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता नरहरी नामदेवच्या हॉटेलात येऊन बसला. त्याने तिळगूळ वाटला, पण कोणतंही वाक्य उच्चारलं नाही. खोडरबर तीनदा धुऊन, उकळून, वाळवून पिशवीत होतं. तक्त्यावरची आठ शून्यं खोडायला आता हरकत नव्हती. पण खोडावीशी वाटेनात.

हकिगत त्याच्याआधीच बाजारात पोचली होती. पुंडलिकराव पावतीवर काहीतरी चुकीचं लिहून बसले होते आणि सवयीने त्यांचा हात नरहरीच्या पिशवीकडे गेला.

"घ्या की," नरहरीने रबर काढून पुढे धरलं.

पुंडलिकरावांनी रबराकडे पाहिलं. मग पावतीकडे. मग खिशातून पेन काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ काट मारली.